आईची दुभाषी

ज्ञानदा न्यू जर्सीतल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवी. अमेरिकन लघुकथा हा तिचा विशेष प्रांत. कथा वाचून झाली, की ती फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ ओढी. डावीकडे माणसाचा जगाशी संघर्ष, उजवीकडे स्वतःशी. “डावी बाजू सगळ्यांनाच दिसते,” ती म्हणे, “उजवी वाचावी लागते.” मुले तिच्या उच्चारांसकट या वाक्याची नक्कल करीत, आणि तिला ते ठाऊक होते.

वडील निवर्तल्यावर आई शरयूबाईंना तिने कराडहून आयसेलिनला आपल्या घरी आणले. तिथल्या भारतीयांच्या भाजीच्या दुकानात त्या मोडक्या हिंदीत निभावून नेत. बाकी बँक असो, औषधाचे दुकान असो, अमेरिकेशी त्यांचा सारा व्यवहार लेकीच्या जिभेने चाले. “मला इथं तोंडच नाही,” त्या हसून म्हणत, “ते हिच्याकडे ठेवलंय.”

फेब्रुवारीत पोटदुखीचे निमित्त झाले. तपासण्या झाल्या. निदान सांगण्याच्या दिवशी डॉक्टरबाईंनी फोनवरचा दुभाषी देऊ केला, तो ज्ञानदाने नाकारला. मग डॉक्टरबाई म्हणाल्या, “आईंना विचारा, आजाराविषयी सगळं त्यांना स्वतः ऐकायचं आहे, की त्यांच्या वतीनं तुम्ही ऐकावं?”

ज्ञानदा आईकडे वळली. “आई, त्या विचारताहेत, रिपोर्टबिपोर्ट मीच बघायचे ना?”

“मग काय मी बघू? मला त्यातलं काय कळतंय! तूच बघ, बाई.”

“मीच ऐकावं अशी तिची इच्छा आहे,” ज्ञानदाने इंग्रजीत सांगितले.

आपण धडधडीत खोटे असे काहीच बोललो नाही, अशी तिने मनाची समजूत घातली.

कर्करोग स्वादुपिंडातून यकृतात उतरला होता. हाती थोडे महिने होते. कुठे जायचे असेल, कुणाला भेटायचे असेल, तर आत्ताच. पुढे प्रवास झेपणार नाही, असेही डॉक्टरबाईंनी निक्षून सांगितले. शरयूबाई शेजारी बसून दोघींच्या तोंडांकडे कौतुकाने पाहत होत्या.

“काय म्हणाल्या गं?” गाडीत बसताच त्यांनी विचारले.

“सूज आहे. औषधं सुरू करतील.”

“बरं झालं. मग मी रत्नाकडं जाऊन येते. तिचे गुडघे तिला उंबऱ्याबाहेर पडू देत नाहीत, मलाच जायला हवं.” रत्ना ही त्यांची धाकटी बहीण, कराडलाच राहणारी.

“थोडी ताकद येऊ दे, आई. मग तिकीट काढते.”

तिकीट काढायचे, तर एवढी घाई कशासाठी, हे सांगावे लागले असते. आणि ते सांगायला ज्ञानदाची जीभ रेटेना. वडिलांच्या अखेरच्या आजारात शरयूबाईंनीही त्यांना काही कळू दिले नव्हते. त्या घरात यालाच माया म्हणत आले होते. त्या मायेचा आधार घेऊन ज्ञानदाने मार्च काढला, एप्रिल काढला. आई रोज विचारी, ती रोज ताकदीचे नाव पुढे करी.

मे महिन्यात ती वर्गात माळरानावरच्या शेतकऱ्याची एक जुनी कथा शिकवत होती. त्याची बायको अंथरुणाला खिळलेली असते. तिचा भाऊ खाणीत दगावल्याची खबर घेऊन शेजारी बर्फातून येतो, आणि नवरा त्याला दारातूनच परत पाठवतो. मुलांनी डावीकडे बर्फ लिहिले, शेजारी लिहिला; उजवीकडे नवऱ्याचे भय लिहिले. ज्ञानदाने संतुष्ट होऊन मार्कर खाली ठेवला.

“पण मॅम, ती बायको कुठाय?” आन्याने विचारले. आन्या इथेच जन्मलेली मराठी मुलगी. तिचा प्रश्न अर्थातच इंग्रजीत होता. “भाऊ तिचा मेलाय ना? मग बातमीही तिचीच. फळ्यावर तर ती कुठंच नाहीये.”

ज्ञानदा फळ्याकडे पाहत राहिली. मग “उद्या बोलू” एवढेच म्हणून तिने वर्ग सोडला आणि घर गाठले.

त्याच आठवड्यात शरयूबाईंच्या पोटात पाणी झाले होते आणि डॉक्टरबाईंनी विमानप्रवासाला स्पष्ट नकार दिला होता. शरयूबाई उशांना टेकून बसल्या होत्या. ज्ञानदाने त्यांच्या पायाशी बसून सगळे सांगितले. प्रथमच एकही शब्द वगळला नाही.



“तुला कधी कळलं?” शरयूबाईंनी विचारले.

“फेब्रुवारीत.”

“मार्चमध्ये मी जिना चढत होते गं.”

“तूही बाबांना सांगितलं नव्हतंस, आई.”

“त्यांना कुठं जायचं नव्हतं.”

ज्ञानदाने आईचा हात धरू पाहिला. तो हात पांघरुणाखाली गेला.

“रत्नाला फोन लाव.”

कराडला रात्र झाली होती. पडद्यावर रत्नामावशीचा हसरा चेहरा उमटला. “अगं अक्का, कधीची वाट बघायची तुझी? कैऱ्या आणून ठेवल्यात. लोणचं तुझ्याच हातचं पाहिजे म्हणून अडून बसलेय मी. का अमेरिकेत राहून अंदाज विसरलीस मिठाचा?”

“तूच घाल, रत्ने,” शरयूबाई म्हणाल्या. “कैऱ्या पिकतील. माझ्यासाठी थांबू नकोस.”

“म्हणजे? असं काय बोलतेस?”

शरयूबाईंनी फोन छातीशी धरला आणि लेकीकडे पाहिले. “तू जरा बाहेर जा. हे माझं मी सांगते.”

ज्ञानदा उठली. बाहेर येऊन तिने दार ओढून घेतले आणि ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आतून आधी आईचा संथ स्वर येत राहिला. मग कराडचा हंबरडा. आणि मग आईचा आवाज, धाकट्या बहिणीची समजूत घालणारा, लहानपणी ज्ञानदाची घालत असे तसाच.

तिला आत बोलावणे आले नाही.