आलेखाची डावी बाजू

मी एका आलेखाची डावी बाजू लपवली होती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. वाक्य लिहून झाल्यावर ते फारच किरकोळ दिसतंय. म्हणून सगळंच सांगतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात डिझाइन इंजिनियर होतो. आम्ही वायरलेस सेटला जोडायचे पॉवर अँप्लिफायर बनवायचो. सेटमधून आलेला बारीक सिग्नल मोठा करून अँटेनाकडे पाठवायचा, एवढंच त्या पेटीचं काम. ट्रान्झिस्टरची ताकद अँटेनाने पुरती घ्यावी म्हणून दोघांच्या मध्ये कॉइल आणि कपॅसिटर बसवून जुळणी करायची, त्याला मॅचिंग म्हणतात. ते मी आधी संगणकावर करून बघायचो.

दुसरी तपासणी स्थिरतेची. आपण काही दिलेलं नसताना अँप्लिफायर आपणहून बोंबलायला लागला, तर तो स्वतःलाच जाळून घेतो. त्यासाठी एक आकडा काढतात, आणि तो एकच्या वर राहावा लागतो. नुसता आपल्या कामाच्या पट्ट्यात नव्हे, त्याच्या खूप खालच्या फ्रिक्वेन्सीलाही, कारण तिथे ट्रान्झिस्टर जास्त माजलेला असतो.

माझ्या आलेखात कामाच्या पट्ट्यात रेघ छान वर होती. अगदी डावीकडे, खालच्या फ्रिक्वेन्सीला, मात्र ती एकच्या खाली बुडी मारून परत वर येत होती. याचा अर्थ, अँटेना धड असेल तर पेटी चालेल. कनेक्टरमध्ये पाणी गेलं, केबल सुटली, की काय होईल ते सांगता येत नाही. उपाय मला माहीत होता. एक रेझिस्टर घालायचा. पण त्याने पॉवर थोडी उतरली असती, मॅचिंग पुन्हा करावं लागलं असतं, आणि बोर्ड छापायला गेलेले होते. शेठनी गिऱ्हाइकाला तारीख दिलेली. मी काय केलं, तर आलेख जिथून सुरू होतो तो आकडा वाढवला. बुडी कागदाच्या बाहेर गेली. प्रिंट काढून मी खाली सही केली.

कॉइल वळायचं काम एका ताईंकडे होतं. वयाने माझ्याहून मोठ्या, कल्याणजवळच्या मोहने गावच्या. रोज शहाडहून गाडी धरून यायच्या. ड्रिलच्या दांड्यावर तांब्याची तार गुंडाळून त्या अशी कॉइल काढायच्या की मोजमापाला हात लावायची गरज पडू नये. मग बोर्ड चालू करून, स्वेटर विणायच्या प्लास्टिकच्या सुईने वेढे किंचित फाकवायच्या आणि मीटरचा काटा वर चढवायच्या. ते मीटर वाचायला मी त्यांना शिकवलं होतं. बाकी त्यांचं त्या शिकल्या.

पहिल्या लॉटच्या वेळी त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"साहेब, जरा बगा ना. अँटेनाची वायर ढिली केली का करंट एकदम वर उडतो. सिग्नल बंद हाय, तरी."

"वायर ढिली करायचीच नाही, ताई."

"मी नाय करणार. पण गिऱ्हाइकाच्या छपरावर कोण बघायला जातंय?"

शेजारच्या टेबलांवरच्या पाच जणी हसल्या. मीही हसलो. "बघतो," म्हणालो. बघायचं काय होतं? मी आधीच बघितलेलं होतं.

पावसाळ्यानंतर पेट्या परत यायला लागल्या. सगळ्यांचा ट्रान्झिस्टर जळलेला. शेठनी चार-पाच बोर्ड मधल्या टेबलावर मांडले आणि सगळ्यांना बोलावलं. त्यांचं बोट कॉइलवर थांबलं.

"ही बघा. एक वेढा इकडे, एक तिकडे. ड्रॉइंगमध्ये असं आहे का? हे काय, कुरडया घातल्यात?"

"ते ट्यूनिंगला फाकवावं लागतं शेठ," ताई म्हणाल्या. "करंट उडतो म्हणून मी सांगितलेलं. साहेबांना विचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो, "कॉइलमध्ये फरक पडला तर मॅचिंग बिघडू शकतं."

वाक्य खरं होतं. कुठल्याही पुस्तकात सापडेल. ताईंनी हातातली सुई टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवसापासून त्यांना पॅकिंगला बसवलं. खोक्यांना टेप लावायच्या. कुणाशी भांडल्या नाहीत. दिवाळीपर्यंत आल्या, मग यायच्या बंद झाल्या.

पुढच्या लॉटमध्ये मी तो रेझिस्टर घातला. कागदावर 'किरकोळ सुधारणा' असं लिहिलं. त्याच लॉटपासून कॉइल बाहेरून, मशीनवर वळून यायला लागल्या होत्या. पेट्या जळायच्या थांबल्या. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "बघितलंत? हाताच्या कामाचा घोळ होता." मी केलेल्या दुरुस्तीनेच ताईंवरचा आळ पक्का झाला. त्या वेळी मी चहा पीत होतो. कप खाली ठेवून दोन वाक्यं बोललो असतो तर नोकरीही गेली नसती, फार तर शेठ ओरडले असते. शेठ तसे वाईट नव्हते. मला फक्त माझी सही चुकीची निघायला नको होती.

नंतर मी नोकरी बदलली. डोंबिवलीत घर घेतलं. आता दुसऱ्यांची डिझाइन तपासतो, आणि प्रत्येक आलेखात आधी डावीकडे बघतो. ऑफिसात त्यावरून माझी थट्टा करतात. त्यांना वाटतं, माझा स्वभावच चिकित्सक.

यंदा नवरात्रात, दुपारी, ठाण्यात टेंभी नाक्याला देवीच्या रांगेत उभा होतो. बाजूच्या बायकांच्या रांगेतून हाक आली, "ओ साहेब!" ताई होत्या. केस पांढरे झालेले, सोबत सून.

"हे आमचे साहेब," त्या सुनेला म्हणाल्या. "मीटर वाचायला यांनी शिकवलं मला. नाय तर मी कुठली?"

सुनेने हात जोडले. दोन रांगांमधल्या बांबूला धरून मी म्हणालो, "ताई, तुमच्या कॉइल बरोबर होत्या."

"ते मला माहीत हाय," त्या सहज म्हणाल्या. "हाताला कळतं. पण त्या पाच जणींना अजून वाटतं ना, माझ्यामुळे बोर्ड जळले म्हणून. एकीच्या पोरीच्या हळदीला गेलेले, तिथे पण विषय निघाला. मस्करीत. मी पण हसले." मग जरा पुढे वाकून त्यांनी विचारलं, "साहेब, तुम्हाला तवाच माहीत होतं का?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना, इतकंच.

"नाही," मी म्हणालो. "नंतर कळलं."

"हां. मग काय करणार तुम्ही तरी," असं म्हणून त्यांनी मला मोकळं केलं. त्यांची रांग पुढे सरकली. जाता जाता म्हणाल्या, "मोहन्याला या कधी. तिथल्या बंद फॅक्टरीच्या मागच्या रस्त्याला कुणालाही विचारा, घर दाखवतील."

मी अजून गेलेलो नाही. त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर माझ्याकडे राहिलंय: हो ताई, तेव्हाच माहीत होतं. ते त्यांच्या घरी जाऊन त्यांना सांगायचं देणं मी लागतो, आणि मग त्या पाचही जणींना, एकेकीच्या दारात जाऊन.