आत्याच्या व्हॅनचं लाल तेल

समजा, तुमची गाडी जुनी आहे, ऑटोमॅटिक आहे, आणि इतकी पळालेली आहे की मीटरवरचा आकडा ऐकून लोक आधी गाडीकडे बघतात आणि मग तुमच्याकडे. तुम्ही स्पेअर पार्ट्सच्या दुकानात उभे आहात. फळीवर गिअरबॉक्सच्या तेलाचे डबे आहेत. एकावर लिहिलंय ‘सर्व गाड्यांसाठी’, दुसऱ्यावर ‘जास्त पळालेल्या गाड्यांसाठी’, तिसऱ्यावर नुसतीच अक्षरं आणि आकडे. मागचं गिऱ्हाईक घसा खाकरतंय, दुकानदार काउंटरवर बोटं वाजवतोय. कोणता डबा उचलाल?

माझ्या आत्यानं एकही उचलला नाही. तिनं आधी चष्मा पुसला.

“ताई, हा घ्या. सगळ्या गाड्यांना चालतो,” दुकानदार म्हणाला.

“सगळ्या मशीनला चालणारी सुई मी अजून बघितलेली नाही,” आत्या म्हणाली. “मग सगळ्या गाड्यांना चालणारं तेल कुठून आणलंत?”

आत्या शिलाई मशीन दुरुस्त करते. कपड्यांच्या कारखान्यांतली मोठी मशीनं, बॅगा शिवणारी, बूट शिवणारी. बंद पडलेलं मशीन जागेवरून हलवता येत नाही, म्हणून तीच हत्यारांची पेटी, मशीनची जादा मोटार आणि सुटे भाग व्हॅनमध्ये टाकून कारखान्यात जाते. तिचा डावा गुडघा एका अपघातानंतर पुरता वाकत नाही. क्लच दाबणं तिला जमत नाही, त्यामुळे तिच्या हातात राहील अशी गाडी म्हणजे ही ऑटोमॅटिक व्हॅन. आणि तिचाच गिअरबॉक्स आता घसरू लागला होता. चढावर पाय दाबला की इंजिन ओरडायचं, व्हॅन मात्र क्षणभर विचारात पडायची आणि मग धक्का देऊन निघायची.

“विकून टाक,” आतोबांनी सल्ला दिला होता. “दुकानात बस. लोक मशीन घेऊन येतील.”

“दीड माणसाच्या वजनाचं मशीन? डोक्यावर घेऊन येतील का?”

“मग मी ड्रायव्हर होतो तुझा.”

“तुम्ही? घरातली खुर्ची मागे घेताना कपाटाला लावता.”

आतोबा हसले, पण आत्या हसली नाही. व्हॅन गेली तर कारखाने गेले, हे तिला ठाऊक होतं.

गॅरेजवाल्यानं तर तेलाला हातच लावू नका म्हणून बजावलं होतं. जुन्या गिअरबॉक्सचं तेल बदललं की गाडी आहे तिथंच बसते, असं त्याचं म्हणणं. त्याच्या शेजारचा मेकॅनिक सांगत होता की यंत्र लावून सगळं तेल एका दमात धुऊन काढा. आत्यानं दोघांचं ऐकून घेतलं आणि आपल्या पद्धतीनं निघाली. पेटीतली पांढऱ्या सुती कापडाची चिंधी काढली, तेल मोजायची पट्टी उपसली आणि एक थेंब चिंधीवर सोडला. थेंब पसरला. रंग नव्या तेलासारखा लाल राहिला नव्हता, काळ्या चहासारखा झाला होता. पण जळका वास नव्हता, आणि बोटांत चोळून बघितलं तर कचकच लागत नव्हती.

“म्हातारं झालंय, मेलेलं नाही,” ती म्हणाली. “पातळीही भरपूर आहे. म्हणजे दोष तेलाच्या जातीत.”

म्हणून आम्ही दुकानात होतो. गाडीच्या पुस्तकात तेलाचा प्रकार दिलेला होता. मी डब्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचून दाखवत होते, आत्या ताडून बघत होती. ‘सर्व गाड्यांसाठी’वर आमचा प्रकार छापलेलाच नव्हता. जास्त पळालेल्या गाड्यांच्या डब्यावर तो होता. शिवाय कडक झालेली रबरी सीलं मऊ ठेवणारं काहीतरी त्यात मिसळलेलं होतं. व्हॅनच्या गिअरबॉक्सखाली अधूनमधून ओल दिसायचीच.

“आधी प्रकार जुळला पाहिजे, वय मग,” आत्या म्हणाली आणि डबे उचलले.

गॅरेजवाल्यानं कुरकुरत व्हॅन वर चढवली. आत्याचा हुकूम होता: धुवायचं नाही, फक्त खालचं चेंबर उघडून जेवढं आपोआप गळेल तेवढं काढायचं, फिल्टर बदलायचा, आणि निघालं तेवढंच मापून भरायचं. चेंबरमध्ये लोखंडाचा चुरा धरायला बसवलेल्या लोहचुंबकावर राखाडी चिखल होता, तुकडे नव्हते, म्हणजे आत काही मोडलेलं नव्हतं. आत्यानं चिंधीवर घेऊन त्याला दाखवलं.

“आता बोला, दादा.”

“अजून गाडी सुरू कुठं झालीय, ताई?”

नवं तेल भरल्यावर आत्या पट्टी काढायला वाकली, आणि गॅरेजवाल्यानं आत बसून इंजिन सुरू केलं.

“अहो, बंद करा! चालू मशीनमध्ये कुणी हात घालतं का?”

“बंद करून बघायची नाही ही पट्टी! इंजिन गरम होऊ दे, हँडब्रेक लावून चालू ठेवूनच बघायची. बंद केलं की सगळं तेल खाली उतरतं आणि पातळी फुगून दिसते.”

आत्या थांबली. शिलाई मशीन बंद केल्याशिवाय आत बोट न घालणं हा तिच्या धंद्यातला पहिला नियम. त्याच सवयीनं ती इतकी वर्षं ही पट्टी इंजिन बंद करून बघत आली होती. इंजिन तापल्यावर तिनं बाही वर सारली, पट्टी पुसली, घातली, काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं. जितकं काढलं तितकंच भरलेलं, म्हणजे आधीही ते कमीच होतं.

“पुस्तकात तेलाचं पान वाचलं, पट्टीचं वाचलं नाही,” ती म्हणाली आणि खळखळून हसली. “ओता, दादा. थोडं थोडं, आणि दर वेळी मला दाखवा.”

पातळी खुणांच्या मध्ये आल्यावर ती स्वतः व्हॅन घेऊन बाहेर पडली. गॅरेजमागच्या चढावर पाय दाबला. व्हॅन अडखळली नाही, ओरडली नाही, सरळ वर गेली. दुसऱ्या दिवशी पेटी भरून बुटांच्या कारखान्यात, मग बॅगांच्या. आठवडाभर घसरणं नाही.

एवढ्यावर दुसरं कुणी खूश झालं असतं. आत्याही खूश आहे, पण तिच्या डोक्यात किडा वळवळतोय. बॅगांच्या कारखान्यातल्या सुपरवायझरकडे अगदी अशीच व्हॅन आहे, तिचाही गिअर घसरतो, आणि त्यानं आत्याला विचारलंय की काय केलंत.

“मशीन बिघडलं की मी एका वेळी एकच स्क्रू फिरवते,” काल ती मला म्हणाली. “इथं मात्र तेलही बदललं, फिल्टरही बदलला आणि पातळीही वाढवली. सगळं एका दुपारी.”

“बरी झाली ना पण?”

“झाली गं. पण कशानं झाली? तू शिकलीस ना यातलं, सांग. त्या माणसाला मी काय सांगू, तेल बदला म्हणू, की नुसती पट्टी नीट बघा म्हणू?”