बूटवाल्याचं गाऱ्हाणं

आमच्या हवालदारांचं शत्रूवर फार प्रेम. फौजेतून पेन्शनीत आले आणि पावसजवळच्या आमच्या गावात हापूसची बाग राखू लागले. वानरांवर गलोल रोखायचे, पण नेम कायम झाडाच्या शेंड्यावर. "आधी इशारा, मग मार," म्हणायचे. मार कधी आलाच नाही. गावभरची हाकललेली वानरं त्यांच्या बागेत निवांत आंबे खात बसायची, आणि आम्ही शेजारी हवालदारांच्या नावाने बोटं मोडायचो.

लढाईतही त्यांनी हेच केलं होतं. बांधाआड पलीकडचा एक शिपाई एकटाच बसून बुटातलं पाणी ओतत होता. हवालदारांनी बंदूक रोखली, आणि ओरडले ते चक्क मराठीत, "बूट घाल नि पळ, मेल्या!" त्याला ते नेमकं समजलं आणि तो पळाला. मात्र दोनच दिवसांनी त्याच बांधावर त्यांचा गाववाला दोस्त सदू गोळी लागून पडला. रजेवर येताच हवालदारांनी सदूच्या बायकोला, आमच्या गोदाकाकीला, सगळं स्वतः सांगितलं. ऐकून ती उठली आणि आत निघून गेली.

शिमग्यात पालखी अंगणात आली की गुरव त्या घरासाठी देवाला गाऱ्हाणं घालतो, आणि जमलेले सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणतात. हवालदारांनी आपल्या गाऱ्हाण्यात एक शेपूट जोडलं, "आनि पलीकडं जो कोन बूटवाला आसंल, त्येला सुखरूप ठेव रे म्हाराजा!" पहिल्या वर्षी गावकरी खवळले. दुष्मनासाठी देवाला साकडं? हवालदार म्हणाले, "अंगण माझा, नारळ माझा. वराडायचा नसंल त्यानं परसाद घेव नये." प्रसादाला त्यांच्याकडे काजूचा शिरा असायचा. गाव "व्हय म्हाराजा!" ओरडलं. गोदाकाकी तेवढी ओठ मिटून उभी राहायची. दरवर्षी. आणि हवालदार देवाकडे न बघता तिच्याकडे बघत राहायचे.

एकदा गलोलीचं रबर बदलताना त्यांनी मला विचारलं, "मास्तर, त्येला मारला असता तर सदू वाचला असता काय वो?" मी शाळेत इतिहास शिकवतो. मी रबराचं दुसरं टोक घट्ट धरून ठेवलं.

गेल्या पावसाळ्यात हवालदार गेले. यंदा त्यांच्या अंगणात पालखी आली तेव्हा गुरवाने गाऱ्हाणं आटोपतं घेतलं. हवालदारांची सून नारळ उचलायला वाकली, इतक्यात गोदाकाकीचा आवाज आला.

"थांब रे गुरवा. बूटवाला ऱ्हायला."

गुरव बघतच राहिला.

"बगतोस काय? जगला असंल तर आता म्हातारा झाला असंल. गुडघं दुखत असतील मेल्याचं. सांग देवाला."

गुरवाने सांगितलं. आम्ही तोंड उघडायच्या आत अंगणात पहिला "व्हय म्हाराजा!" उमटला तो एकट्या गोदाकाकीचा.