देवीचे वण पुसणारा रिसीव्हर

त्या दिवशी माझी लाज राखली ती शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मीच लई हुशार होतो असा कुणाचा समज व्हायचा.

मी भोकरकडचा. आठवीनंतर शाळेनं आणि मी एकमेकांना सोडलं. दोन एस.टी. बदलून लातूरला आलो, होम थिएटरच्या दुकानात आधी वायरी ओढायला आणि मग गिऱ्हाईक पटवायला लागलो. रिसीव्हर म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज वाटणारा जड काळा डबा. टीव्हीकडं जाणारं चित्रही त्याच्याच पोटातून जातं. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'व्हिडिओ प्रोसेसिंग' दिसलं की मी ठोकून द्यायचो, "साहेब, रिसीव्हर ह्याच्यासाठीच घ्यायचा. जुनं चित्र नवं होतंय." पोटात तो नेमकं काय करतो, मला ठाऊक नव्हतं. विचारलं तर माझी आठवी उघडी पडली असती.

शिरूर अनंतपाळच्या एका गिऱ्हाइकानं माझ्या शब्दावर सगळ्यात भारी डबा घेतला. वडील वारलेले. फोटो एकच, तोही आधार कार्डावरचा, म्हणजे ओळखायच्या कामाचा नाही. पण बहिणीच्या लग्नाच्या सीडीत वडील होते. वास्तुशांतीला आईला ते मोठ्या टीव्हीवर दाखवायचे होते.

"दिसतील ना नीट?" त्यानं तीनदा विचारलं.

"गॅरंटी," मी म्हणालो.

म्हणून वास्तुशांतीच्या सकाळी रिसीव्हरच्या मेनूत चित्राचं जे जे होतं, ते सगळं शेवटच्या टोकापर्यंत वाढवलं. टीव्हीचंही वाढवलं. पंगतीत वाढणाऱ्यानं हात आखडायचा नसतो, एवढंच मला शिकवलेलं.

जेवणं उरकली, भावकी सतरंजीवर बसली, टीव्हीवर सीडीतलं लग्न लागलं. गुलाबातून नवरी निघाली, चंद्रातून नवरदेव. मग अक्षता टाकायला एक गुळगुळीत गृहस्थ आले. तोंड ताज्या पेढ्यासारखं.

"हे कोण हाय?" म्हातारी म्हणाली.

"आई, बाबा हायत की."

"न्हाई. माझ्या मालकाच्या तोंडावर देवीचे वण व्हते. हा दुसराच बाप्या हाय. बंद कर."

तिची जाऊ म्हणाली, "राहू द्या की अक्का, गोरागोमटा मिळालाय."

सगळे हसले. म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. गिऱ्हाइकानं माझ्याकडं पाहिलं. भोकरकडची एस.टी. कितीला असते, ते मला काही केल्या आठवेना.

तेव्हा शेजारच्या बाई उठल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलेल्या. त्यांनी रिसीव्हरची पुस्तिका मागितली.

"वाचलीस का?"

"बाई, इंग्रजी हाय."

"कुणाला विचारलंस?"

"न्हाई."

"ते जास्त वाईट."

अख्ख्या भावकीसमोर! मग मला जवळ बसवून, ओळीवर बोट ठेवून त्यांनी अर्थ सांगितला. जुन्या चित्रातली खरखर रिसीव्हर पुसतो, मग टीव्हीही ती पुन्हा पुसतो, आणि त्या पुसण्यात वणही गेले. "दोघं मिळून त्या माणसाला घासून राहिले. भांडं हाय का ते? टीव्ही नवा हाय, चित्राचं त्याला जमतं. ह्या डब्याला म्हण, आलंय तसं पुढं दे, तू आवाज बघ."

तसं केलं. टीव्हीचं पुसणंही कमी केलं. चित्र जरा खरबरीत झालं आणि वण परत आले.

म्हातारी गुडघ्यांवर पुढं सरकली. "हां, हे आमचे." मग बराच वेळ बघून, "टोपी वाकडीच घातली मेल्यानं."

आता मी गिऱ्हाइकाला सांगतो, टीव्ही बरा असेल तर रिसीव्हरच्या चित्राच्या करामतीला भुलू नका, आवाज ऐकून घ्या. बाकी ठाऊक नसेल तर "विचारून सांगतो" म्हणतो. शेठला ते आवडत नाही.

बाईंना हल्ली कमी ऐकू येतं म्हणे. टीव्हीवरच्या बातम्या नुसत्या बघतात. बाई, एक दिवस तुमच्या घरी मी असा स्पीकर बसवीन की माणसाचा शब्द न् शब्द कळेल. आणि त्याआधी पुस्तिका पहिल्या पानापासून वाचलेली असेल, दहा जणांना विचारत का होईना.