दादाचा फुल स्पीड

आमच्या थोरल्या बंधूंना आयुष्यात दोनच आकडे ठाऊक: शून्य आणि सगळ्यात मोठा. पंखा पाचावर, मिक्सर तीनवर, गॅस फुल. त्यामुळे त्याच्याकडचं दूध कायम उतू जातं आणि दोष दुधाचा असतो. गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे त्याचं. गिऱ्हाईक "ब्रेकचं..." एवढं म्हणतंय तोवर हा खोकं काउंटरवर आपटतो, आणि त्यातली निम्मी खोकी संध्याकाळपर्यंत परत येतात. तरी लोक त्याला हुशार म्हणतात. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे लोकांना कोण सांगणार? मी धाकटी बहीण, माझं कोण ऐकतं?

बाबा बोलताना अडखळत. एखाद्या अक्षरावर अडले की ओठ हलत राहायचे, आवाज फुटायचा नाही. जरा थांबलं तर वाक्य यायचं, आणि चांगलं यायचं. पण थांबणं म्हणजे दादाला अपमानच. "बाबांना चहा हवाय", "बाबांना झोप आलीय", हा परस्पर जाहीर करून मोकळा. बाबा मान डोलवायचे. मग हा आमच्याकडे असा बघायचा, जणू बाबांना वाचा यानेच दिली.

दवाखान्यात शेवटच्या दिवसांतही तेच. बाबा आईकडे बघून म्हणाले, "हे घ... घ... घर..."

दादाने लगेच तोंड घातलं, "विकून टाकू आणि आईला माझ्याकडे नेऊ, हेच ना?"

बाबांनी मान डोलावली. झालं! बाबा गेले आणि तेच त्यांची शेवटची इच्छा म्हणून सगळ्या नातेवाइकांत फिरलं. आईचा पाय त्या घरातून निघत नव्हता, पण नवऱ्याचा शब्द मोडायचा कसा? तिने मुकाट्याने भांडी खोक्यांत भरायला घेतली. मागितलं एवढंच, "जायच्या आधी यांचा तो माणूस मला एकदा दाखवा."

तो माणूस म्हणजे बाबांनी आमच्या लहानपणी घरच्या कॉम्प्युटरवर केलेला खेळ. टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटवरून चालायचा असा तो कॉम्प्युटर. चौकटीच्या कागदावर ठिपके भरून बाबांनी मराठी अक्षरंही स्वतःच बनवली होती. पडद्यावर ठिपक्यांचा एक बुटका माणूस यायचा आणि एकेक अक्षर करत बोलू लागायचा. मध्येच बटण दाबलं की तो मान डोलवायचा आणि खेळ संपायचा. दादा दर वेळी दाबायचा आणि "जिंकलो!" म्हणून बोंबलायचा. माझी पाळी कधी आलीच नाही. आई स्वयंपाकघरातून फक्त बोंब ऐकायची. पुढे कॉम्प्युटर बिघडला, कॅसेट तेवढी राहिली.

दादाने ती लॅपटॉपवर उतरवली आणि जुन्या कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल करणारा एम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम आणला. तो आधी विचारतो, प्रोसेसर कोणता हवा? यादीत सगळ्यात वर मूळचा, त्याखाली चढत्या वेगाचे, आणि तळाशी 'लॅपटॉपला झेपेल तितका वेग'. आमच्या दीडशहाण्याने यादी वाचलीच नाही, थेट तळ गाठला. वर गणितं करणारी जादा चिप लावली, मेमरीही भरभरून दिली.

"बाबांच्या मशीनला हे सुख कधी मिळालं नव्हतं," म्हणाला.

खेळ सुरू झाला. पडदा लुकलुकला, माणूस दिसला न दिसला, आणि सगळं काळं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

"कॅसेट खराब झालीय. जाऊ दे आई, टाकून देऊ," दादाने निकाल दिला.

नाचता येईना अंगण वाकडं! मला इतकी चीड आली की लॅपटॉप मी माझ्याकडे ओढला आणि बाबांनी लिहिलेला प्रोग्रॅमच उघडला. बाबांची अक्षरं तिथे नुसते आकडे होती, वाचता येईनात, पण गोष्ट साधी होती. प्रत्येक अक्षरानंतर बाबांनी कॉम्प्युटरला उगाच आकडे मोजायला लावले होते. मोजून झाले की पुढचं अक्षर. जुना प्रोसेसर ते सावकाश मोजायचा. दादाच्या राक्षसाने पापणी लवायच्या आत मोजून टाकले. कॅसेट ठणठणीत होती. माणूस अख्खं वाक्य बोलून निघून गेला होता.

"मूळचा प्रोसेसर लाव," मी म्हटलं.

"अगं, तो सगळ्यात हळू आहे!"

"तोच लाव," आई म्हणाली. "यांचं तसंच होतं."

तोंड वाकडं करत त्याने बदलला. माणूस आला. 'आ' उमटला, बऱ्याच वेळाने 'ज'. तेवढ्यात दादाचं बोट बटणावर. "आज सुट्टी!" त्यानेच वाक्य पुरं केलं. माणसाने मान डोलावली, पडदा काळा.

"बघ, चालला!" दादा खूश.

"पुन्हा," आई म्हणाली.

'आज'... "आज बाजार!" पुन्हा बोट, पुन्हा मान. आता आई पडद्यावर वाकली होती. माणसाची मान जराशी डावीकडे कलायची, डोळ्यांचे दोन ठिपके विझायचे आणि मग ती हलायची. बाबा अगदी अश्शीच मान डोलवायचे. दवाखान्यातही तशीच डोलावली होती.

"हे 'हो' नाहीये रे," आई हळूच म्हणाली. "हे 'राहू दे' आहे."

तिने दादाचं मनगट धरलं. "आता बोट लावलंस तर खबरदार."

माणूस पुन्हा आला. 'आज' म्हणून अडला. मनगट आईच्या मुठीत होतं, तरी दादाचं बोट वळवळत होतं. मग एकेक अक्षर येत गेलं, मध्ये इतका वेळ जात होता की मलाही बसवेना. शेवटी वाक्य पुरं झालं: 'आज कुणी मध्ये बोललं नाही. बरं वाटलं.'

माणसाने मान डोलावली नाही. तो बराच वेळ तसाच उभा राहिला, डोळे उघडे ठेवून, आणि मगच गेला.

आईने डोळे पुसले. मग ती दादाकडे वळली. "हे घर..." म्हणाली आणि मुद्दाम थांबली. दादाचं तोंड उघडलं. आई बघत राहिली. ते मिटलं. जन्मात पहिल्यांदा मिटलं असेल.

"हे घर मी सोडणार नाही," आई म्हणाली. "खोकी उघड."

दादाने खोकी उघडली, फुल स्पीडमध्ये. दोन कप फुटले. दोष कपांचा होता.