मनाकडे देखीसन बोल

"मनाकडे देखीसन बोल."

मावशींचं हे वाक्य पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हुकूम वाटायचं. मलाही वाटलं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मी चांगलं मुद्देसूद बोललो होतो. मूल कसं आहे, त्याला काय लागतं, पाळणाघराची जबाबदारी कुठे सुरू होते. त्या पाठमोऱ्या बसून भाकरी थापत होत्या. एका शब्दाला उत्तर नाही. मी आवाज चढवला. शेवटी पीठ घ्यायला वळल्या, मला बघून दचकल्या आणि केवढ्यांदा तरी ओरडल्या, "अरे बापा! कधी आला? मनाकडे देखीसन बोल ना भाऊ!"

माझ्याकडे बघून बोल. म्हणजे माझं सगळं भाषण वाया गेलं होतं. मावशींना ऐकू येत नाही हे आधी सांगितलेलं असूनही बोलण्याच्या भरात मी विसरलो होतो. ओठ दिसले तर सगळं कळायचं, पाठ फिरवली की काही नाही.

आता तुम्ही म्हणाल, आजारी मुलासाठी पाळणाघर शोधणारा बाप बहिऱ्या बाईच्या दारात कसा गेला? सांगतो.

आमच्या समरची श्वासनलिका जन्मतः अरुंद. श्वास घेता यावा म्हणून त्याच्या गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली होती. नळीत कफ साठला की मशीनने ओढून काढायचा, त्याला सक्शन म्हणतात. वेळेवर नाही काढला तर श्वास अडकतो. नाशिकची डिसेंबरची थंडी लोकांना आवडते, आमच्या घरात ती कफ घट्ट करायची. आणि नळी असल्यामुळे हवा स्वरयंत्रापर्यंत न पोचता गळ्यातूनच बाहेर पडायची, त्यामुळे समरला आवाज नव्हता. रडायचा तेव्हा तोंड उघडायचं, चेहरा लाल व्हायचा, डोळ्यांतून पाणी वाहायचं, आणि ऐकू काहीच यायचं नाही. टीव्हीचा आवाज बंद केल्यासारखं.

स्मिताची, म्हणजे माझ्या बायकोची, अंबडच्या कारखान्यातली नोकरी पक्की, माझी कच्ची, म्हणून घरी मी राहिलो. समरची प्रत्येक हालचाल मला पाठ होती. मग मला एका छापखान्यात संपादनाचं काम मिळालं, आणि पाळणाघर शोधणं भाग पडलं.

मी पत्रकांवर वाढलेला माणूस आहे. वडील कामगार संघटनेची पत्रकं काढायचे. त्यांच्या उरलेल्या कागदांच्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. "पाळणाघर ही मेहेरबानी नाही, हक्क आहे" असं पत्रक मी स्वतः लिहून गेटवर वाटलेलं आहे. ते पत्रक खिशात असल्यासारखाच मी इंदिरानगरपासून सातपूरपर्यंत फिरलो.

पहिल्या ठिकाणी भिंतींवर हत्ती-जिराफ होते. मॅडम गोड हसून म्हणाल्या, "आमचा प्रश्न नाही सर, पण बाकीचे पेरेंट्स घाबरतील ना."

दुसऱ्या ठिकाणच्या बाई म्हणाल्या, "काळजीच करू नका, पोर रडलं की आम्ही धावतोच."

मी म्हटलं, "तो रडला तर ऐकू येत नाही."

त्या हसल्या. "अहो, असं कुठे असतं का?"

तिसऱ्या ठिकाणी सांगितलं, "नळी निघाली की आणा, आनंदाने घेऊ." या वाक्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत त्याला 'चालता यायला लागलं की या' सांगणारे हेच लोक. सगळं गोड शब्दांत. आपल्याकडे दार तोंडावर आपटत नाहीत, हळूच लोटून घेतात.

मग स्मिताच्या मैत्रिणीने सांगितलं, सिडकोत एक मावशी आहेत, मूळच्या नामपूरच्या, चारच मुलं सांभाळतात. "पण त्यांना ऐकू येत नाही."

मी उखडलोच. "बहिऱ्या बाईकडे? समरला?"

स्मिता मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "समर कुठे आवाज करतो?"

एवढंच. पण मी पत्ता लिहून घेतला. बाकीची सगळी पाळणाघरं कानावर चालत होती. ही एकच बाई डोळ्यांवर चालत होती.

गरीब, सोशिक, अशी कुणी बाई तुमच्या डोळ्यांसमोर आली असेल तर पुसून टाका. मावशी ठसठशीत होत्या. बोटांना लालभडक नेलपेंट, ते चारही पोरांनाही लावलेलं. "नामपूरात माझ्यासारखी देखणी दुसरी नव्हती," हे त्या न विचारता सांगत. पोरांबरोबर भिकार-सावकार खेळताना चक्क पत्ते लपवत आणि जिंकल्या की टाळ्या वाजवत. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे बोलणं सगळ्या गल्लीला ऐकू जाई. कानाचं मशीन होतं, पण ते देव्हाऱ्यात ठेवलेलं. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "घातलं की कुकरच्या शिट्ट्याच डोक्यात घुसता. देवाजवळ ठेवलंय. त्याला लय ऐकायचं असतं."

डॉक्टरांशी बोलून, सिस्टरकडून त्यांना सक्शन शिकवून घेतलं. पहिल्या दिवशी त्यांनी मशीनची नळी उलटी जोडली आणि दोष मशीनला दिला. स्मिता रजा काढून त्यांच्याजवळ बसली, त्यांचा हात बसेपर्यंत. मग समर तिथे राहायला लागला, आणि माझे वाईट दिवस सुरू झाले.

मला दोन गोष्टी हव्या होत्या. समर सुरक्षित राहावा, आणि त्याला सगळ्यात आधी मी लागावा. पहिली गोष्ट मिळाली की दुसरी जाते, हे मला कुठल्याच पत्रकात वाचायला मिळालं नव्हतं.

त्या त्याला 'राजा' म्हणायच्या. मी म्हटलं, "मावशी, आमच्या घरात राजे-महाराजे नसतात."

"मग काय म्हणू? कामगार?" आणि लगेच त्याच्याकडे वळून, "ये रे मना कामगार, बठ आठे!" म्हणजे इथे बस; लाडात आणि रागात त्या अहिराणीवर जायच्या. समर हसला. मी त्याला हसवायला घोडा व्हायचो, मांजर व्हायचो. ही बाई नुसती वळली की तो हसायचा.

त्यांच्या घरात हाक मारून उपयोग नसायचा. पोरं मावशींच्या समोर येऊन उभी राहायची, हनुवटीला धरून त्यांचं तोंड आपल्याकडे फिरवायची आणि मग जे सांगायचं ते सांगायची. घरी शेर असलेली पोरं तिथे आवाजाने हरायची. समर तेवढा जिंकायचा. भुवया, ओठ, गाल, सगळ्याने बोलायला शिकला. घरी येऊन तो एक गाल फुगवून, एक डोळा मिटून माझ्याकडे बघू लागला. पाणी? नाही. बॉल? नाही. तो कंटाळून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना ते करून दाखवलं. "याचा अर्थ काय?"

मावशी पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "ते आमचं हाय."

ते आमचं! माझ्या मुलाचं आणि या बाईचं काहीतरी 'आमचं' होतं आणि त्यात मी नव्हतो. घरी येऊन मी स्मिताला म्हटलं, "त्या फार गलिच्छ नेलपेंट लावतात." ती म्हणाली, "तू जळतोयस." मी म्हटलं, "हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे." तिने माझ्याकडे बघितलं आणि जेवायला वाढलं.

एकदा संध्याकाळी त्याला न्यायला गेलो होतो. मावशी पलीकडच्या कोपऱ्यात एका पोरीची वेणी घालत होत्या, मी समरपासून चार हातांवर. समरचा चेहरा बदलला. मी उठलो. खरंच उठलो होतो. पण वेणी तशीच सोडून ती जाडजूड बाई माझ्या आधी पोचली, मशीन सुरू, कफ बाहेर, समर पुन्हा गुलाबी. "झालं राजा, झालं." त्या जीवघेण्या क्षणाला मी काय विचार करत होतो? मी जवळ होतो, मी जवळ होतो. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू पण उठला होता. मी देखलं." याचाही मला राग आला. माझं उठणंही त्यांनीच पाहिलं होतं.

समर मोठा होत गेला, त्याचा श्वासाचा मार्ग मोठा होत गेला, आणि एक दिवस ऑपरेशननंतर डॉक्टरांनी नळी काढली. छिद्र भरलं. पहिल्यांदा आवाज आला तो खरखरीत, सायकलच्या जुन्या ब्रेकसारखा. "बा." मी म्हणतो बाबाचा बा. स्मिता म्हणते बॉलचा. आम्ही दोघंही रडलो, तोही रडला, आणि त्याचं रडणं ऐकून शेजारी आले.

मी त्याला मावशींकडे घेऊन गेलो. का, ते लपवत नाही. त्याच्याजवळ शेवटी असं काहीतरी आलं होतं, जे मला मिळेल आणि त्यांना मिळणार नाही.

समरला त्यांच्यासमोर उभं केलं. तो बोलला. मावशींनी ओठ पाहिले, मोकळा गळा पाहिला. मग उठल्या, देव्हाऱ्यातून मशीन काढलं, पदराने पुसलं, कानात घातलं. "बोल राजा." तो बोलला. मावशींनी मशीनला टिचकी मारली, काढलं, फुंकलं, पुन्हा घातलं. सेल केव्हाचा संपला होता.

त्यांनी मला विचारलं, "कसा हाय रे आवाज?"

एवढ्या हळू त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्याकडे शब्द असतात, तुम्हाला आतापर्यंत कळलंच असेल. ते बाजूला ठेवून मी त्यांचा हात धरला आणि समरच्या छातीवर, गळ्याखाली ठेवला. समरला वाटलं नवा खेळ आहे. तो जोरात ओरडला.

मावशींनी डोळे मिटले. दिवसभर उघडे असायचे ते डोळे.

"शे," त्या म्हणाल्या. "आवाज शे."

आहे.

पुढच्या उन्हाळ्यात मावशींची थोरली बहीण पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि मावशी पाळणाघर बंद करून नामपूरला गेल्या. सिडकोतल्या त्या घरात आता दुसरं बिऱ्हाड आहे. समरने शाळेत बाईंची हनुवटी धरून तोंड फिरवलं, म्हणून आमच्याकडे तक्रार आली. मी शाळेशी कडकडून भांडलो.

रविवारी व्हिडिओ कॉल असतो. आठवडाभर अखंड बडबडणारा समर त्या वेळी एक शब्द बोलत नाही. तिकडे भुवया उडतात, इकडे ओठ. मग एक गाल फुगतो, एक डोळा मिटतो, आणि दोघं हसतात. मी परवा मध्येच म्हटलं, "समर, मावशींना सांग, तुझा दात पडला." त्याने माझ्या तोंडावर हात ठेवला.

मी फोन धरतो. कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात आमच्या बाजूचं चित्र दिसतं. त्यात समर असतो, आणि कडेला, चुकून आलेला, माझा अंगठा.