ज्याची त्याची टोपली

बायला एका वेळी एकच काम करणं कधी जमलंच नाही. गॅसवर चहा, कानाला फोन, समोर कॉम्प्युटरवर प्रोग्राम, आणि लक्ष तिन्हीकडे. समुद्रकाठच्या पाली गावातल्या कोळ्यांची पोर. घरचे हाक मारायचे म्हणून आम्हीही तिला बायच म्हणायचो. खरं सांगतो, मी तिच्यावर जळायचो. अजूनही जळतो.

आम्ही दोघं एकाच प्रकल्पावर होतो. कणांची टक्कर झाली की उडालेले तुकडे यंत्रात नुसते ठिपके सोडून जातात. त्या ठिपक्यांवरून कोण कुठल्या वाटेने गेलं ते जुळवायचं. वर्षभर घासून लिहिलेला माझा प्रोग्राम एकेक वाट शोधायचा, त्याला अख्खा दिवस लागायचा. बायने तेच काम पोरं गेम खेळतात त्या ग्राफिक्स कार्डावर टाकलं. तिथे हजारो छोटे कामगार एकदम कामाला लागतात. चहा संपायच्या आत उत्तर हजर.

मी विचारलं, "हे सुचलं कुठून?"

"होडी लागली का आय नि शेजारणी ढिगाभोवती बसतान, समद्या एकदम निवडतान. एकेक करत बसलं तं म्हावरं नासंल."

त्या दिवशी मला डबा गेला नाही. तिच्या गावाजवळच्याच गोडदेवात, तीच मासळी बघत वाढलेल्या मला हे का सुचू नये?

परदेशातल्या प्रयोगशाळेत आमच्यातलं एकच जण जाणार होतं. ते ठरवणाऱ्या आमच्या सरांना काम दाखवायच्या तीन दिवस आधी मला तिच्या प्रोग्रामात चूक दिसली. एका ओळीत सगळ्या कामगारांना मिळून उत्तरं टाकायला एकच टोपली दिली होती. दोघांनी एकाच क्षणी टाकलं की एकाचं गायब. मी तिच्या प्रोग्रामाच्या माझ्याकडच्या छापील कागदावर त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि गप्प बसलो.

सरांसमोर प्रोग्राम दोनदा चालला, दोनदा वेगळ्या वाटा निघाल्या. बायचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं, तेही लिहून टाकतो. सरांनी तिला एक दिवस दिला. चूक शोधायला तिने माझेच कागद मागून घेतले, आणि रेघ दिसली.

"गोडदेवकर, तुला दिसलेलं ना?"

"हो."

"मंग सांगायचं ना रं. शेजारणीचा बोंबील चुकून आपल्या टोपलीत पडला, तं आय तोपण परत देते."

एवढंच बोलली. प्रत्येक कामगाराला स्वतंत्र टोपली दिली, आणि महिन्याभरात परदेशी गेली.

आता मी इथे रोज तिचाच प्रोग्राम चालवतो. त्या ओळीवर तिने टीप लिहून ठेवलीय: 'इथली चूक गोडदेवकरने शोधली.' कधी शोधली, ते लिहिलेलं नाही.